पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

मे महिन्यात साक्रीत सकाळी सातलाच ऊन डोक्यावर आल्यासारखं वाटतं. कान नदी तोवर नदी राहिलेली नसते. वाळू, गोटे, बाभळी आणि मधे मधे उरलेली डबकी. त्यातलं एखादं जरा मोठं असतं, त्याला आम्ही डोह म्हणतो, म्हणजे त्याचा मान राखतो. पण पक्षी बघायचे तर हीच वेळ. पावसाळ्यात पाणी सगळीकडे असतं आणि पक्षीही सगळीकडे पांगलेले असतात. मे महिन्यात पाणी एकाच जागी असतं, म्हणून सगळे तिथेच येतात. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर उभा असतो, टिटवी आपल्याला बघून गाव जागं करते, खंड्या वायरवर बसून पाण्याकडे रोखून पाहतो. आणि ढोकरी. एरवी मातकट, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा हा बगळा. उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर असा काही गडद तांबूस-जांभळा रंग चढतो, की हा तोच पक्षी आहे यावर विश्वास बसत नाही.

मी त्या ढोकरीचा फोटो काढत होतो. मोबाइलवरच, कारण मोठी लेन्स माझ्याकडे नाही. झूम केलं की पक्ष्याचा ठिपका होतो, जवळ गेलं की उडतो. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाबा आले, माझ्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘काय काढी राह्यना रे भाऊ?’’

‘‘बगळाना फोटू, बाबा.’’

बाबांनी ढोकरीकडे पाहिलं, माझ्या फोनकडे पाहिलं. ‘‘फोटू काढीसन काय करशी?’’

मी हसलो. खरं उत्तर ‘स्टेटसला टाकीन’ हे होतं आणि ते मला सांगवेना. बाबा शेळ्यांमागे गेले. मी घरी आलो, फोटो स्टेटसला टाकला, चोवीस तासांनी तो गेला. प्रश्न मात्र राहिला. त्याचं बरंचसं उत्तर मला माझ्याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडलं. ती गोष्ट एका वीतभर घुबडाची आहे, आणि त्या घुबडापेक्षाही जास्त त्याच्या पायाला बांधलेल्या कागदाच्या तुकड्याची.

सुरुवात १८८२ सालापासून करू, कारण त्या एका सालात दोन बंदुका आहेत.

पहिली युरोपातली. एतियन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाला पक्षी उडतो म्हणजे नेमकं काय करतो हे पाहायचं होतं. डोळ्याला ते दिसत नाही, पंख फार भराभर हलतात. म्हणून त्याने १८८२ मध्ये एक कॅमेरा बनवला आणि त्याला बंदुकीचा आकार दिला. दस्ता, चाप, नळी, सगळं बंदुकीसारखं. गोळ्यांच्या जागी फिरणारी काचेची तबकडी. चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रं. नेपल्सच्या समुद्रकाठी तो पक्ष्यांवर ही बंदूक रोखून उभा राहायचा. चाप ओढायचा, आवाज नाही, पक्षी पडत नाही, आणि तरी माणूस खूश होऊन घरी जातो! आसपासच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं, असं सांगतात. आज आपण फोटो ‘शूट’ करतो म्हणतो ते उगाच नाही.

दुसरी बंदूक आपल्याकडची, आणि ती खरी होती. ती जेम्स डेव्हिडसन या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याच्या हातात होती. तो मुंबई इलाख्यातला सनदी नोकर होता आणि त्याची नेमणूक खानदेशात होती. तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबार असं काही वेगळं नव्हतं, सगळा मिळून एकच अवाढव्य खानदेश जिल्हा. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पुढे १९०६ मध्ये झाले. साक्री, नंदुरबार, तळोदा, शहादा हा सगळा पश्चिमेकडचा मुलूख. डेव्हिडसन त्यात फिरायचा, सारा-वसुलीचं, फिरतीचं काम करायचा, आणि उरलेल्या वेळात पक्षी गोळा करायचा. ‘पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची कच्ची यादी’ अशा अर्थाच्या नावाची त्याची एक लांबलचक यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्याच सुमारास छापून आली. आमच्या भागातल्या पक्ष्यांबद्दल इतक्या तपशिलाने आधी कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. आमच्या टिटव्यांची, बगळ्यांची, साळुंक्यांची पहिली हजेरी अशी इंग्रजी अक्षरांत घेतली गेली.

‘गोळा करणं’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. पक्षी गोळीने मारायचा. मग पोट चिरून मांस काढून टाकायचं, कातडी आणि पिसं शाबूत ठेवायची. आतून सोमल लावायचा म्हणजे किडे लागत नाहीत. कापूस भरायचा, टाके घालायचे. मग पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची: जागा, तारीख, नर की मादी, कुणी मारला. झालं. हे ऐकायला निर्दय वाटतं आणि ते आहेच. पण त्या काळात हाच पुरावा होता. दुर्बिणी साध्या होत्या, रंगीत फोटो नव्हते. ‘मी पाहिला’ या वाक्याला किंमत नव्हती. हातात कातडं असेल तर पक्षी आहे, नसेल तर नाही. आपले सलीम अलीसुद्धा पक्ष्यांकडे वळले ते बंदुकीमुळेच. १९०८ मध्ये, लहान असताना, त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोणती चिमणी हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ती सोसायटीही १८८३ची, म्हणजे डेव्हिडसन खानदेशात बंदूक घेऊन हिंडत होता त्याच दिवसांतली.

डेव्हिडसनची यादी जिथे छापली ते ‘स्ट्रे फेदर्स’ काढणारा माणूस म्हणजे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तोच. शाळेच्या पुस्तकात राष्ट्रीय सभेचा संस्थापक म्हणून ज्याचं नाव आपण पाठ केलं तो. पाठ करताना कुणी सांगितलं नाही, की काँग्रेसच्या आधी या माणसाला एकच वेड होतं, आणि ते पक्ष्यांचं. देशभरचे कलेक्टर, इंजिनियर, डॉक्टर, जंगल खात्याचे लोक त्याला कातडी पाठवायचे. मग एकदा तो सिमल्याच्या घरी नसताना त्याच्या पुस्तकाच्या हस्तलिखितांचे गठ्ठे नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले. वर्षानुवर्षांचं काम पुड्या बांधायला गेलं. ह्यूमचं मन उडालं. १८८५ मध्ये त्याने जवळजवळ ऐंशी हजार नमुन्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. रद्दीवाल्यामुळे काँग्रेस निघाली असं मी म्हणत नाही. पण तारखा जवळ आहेत हे मात्र खरं.

याच ह्यूमने १८७३ मध्ये एका नव्या घुबडाचं नाव जाहीर केलं होतं. नमुना आला होता ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याकडून, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या बसना-फुलझर भागातून, १८७२च्या डिसेंबरातला. म्हणून पक्ष्याचं नाव ब्लेविटी. मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला दुसरा मिळाला, ओडिशाच्या बाजूला खरियारजवळ. आणि मग डेव्हिडसनला, शहादा-तळोद्याच्या जंगलात, एक नाही, पाच मिळाले. म्हणजे जगात या पक्ष्याचे जे मोजके नमुने तयार झाले त्यातले बहुतेक खानदेशचे.

रानपिंगळा ओळखायला सोपा नाही, आणि पुढची सगळी गोष्ट याच अडचणीवर उभी आहे. तुमच्या घराजवळच्या वडाच्या ढोलीत, शाळेच्या पडक्या भिंतीत राहतो तो साधा पिंगळा. संध्याकाळी जोडीने चिरचिर करत बसलेला, आपण बघितलं की मान खालीवर करणारा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. छातीवर गडद पट्टे जास्त दाट, पोटाचा मधला भाग पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे, पाय मजबूत आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. उंची तेवढीच, चेहरा तसाच गोल आणि रागीट. शंभर फुटांवरून, उन्हात डोळे बारीक करून बघितलं तर बहुतेक जण म्हणतील, पिंगळा आहे, चला पुढे.

डेव्हिडसनचा शेवटचा नमुना १८८४चा. त्यानंतर कुणाला काही मिळालं नाही. लंडनला म्युझियमच्या खणात पाठीवर झोपवलेली कातडी, पायात चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर आमच्या गावांची नावं. इकडे त्या गावांत कुणाला याचा पत्ता नाही. म्हणजे पक्षी दिसत असणार. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा लोकांना तो दिसत नव्हता असं म्हणायला मी धजणार नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच. ‘लुप्त झाला’ आणि ‘पुन्हा सापडला’ ही सगळी भाषा खणांच्या बाजूने बोलली जाते.

आता गोष्टीत खलनायक येतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन. इंग्रज सैन्यातला अधिकारी, पहिल्या महायुद्धात हेरगिरीच्या कारवायांसाठी गाजलेला, सांगायला बसला की समोरच्याने तोंडात बोट घालावं असा. आणि पक्षितज्ज्ञ. साधासुधा नाही, त्याच्या स्वतःच्या संग्रहात वीस हजारांच्या आसपास कातडी होती आणि पुढे ती त्याने म्युझियमला दान केली. सलीम अलीही १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. या माणसाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. म्हणजे आजच्या गुजरातमधलं मांडवी, सुरतच्या वरच्या बाजूचं.

ज्यांना हा पक्षी शोधायचा होता त्यांच्यासाठी ही चिठ्ठी सगळ्यात महत्त्वाची. कारण ती सगळ्यात ताजी. १८८४ला तिथे होता यापेक्षा १९१४ला इथे होता हे कधीही भरवशाचं. शोध घेणाऱ्यांत मोठमोठी नावं होती. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकी सहलेखक डिलन रिप्ली यांनाही या पक्ष्याने हुलकावणी दिली. अधूनमधून कुणी फोटो आणायचं, हा बघा रानपिंगळा. नीट पाहिलं की डोक्यावर ठिपके. साधा पिंगळाच. मला ही गोष्ट वाचताना थोडं हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. कॅमेरा आला म्हणजे पुरावा पक्का झाला असं आपण धरून चालतो. पण फोटो फक्त एवढंच सांगतो, की असा काहीतरी पक्षी त्या क्षणी लेन्ससमोर होता. तो कोण होता, कुठे होता, हे फोटोखालची ओळ सांगते. ओळ चुकली की फोटोही चुकला.

रिप्लींच्या हाताखाली नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन ही तरुण संशोधक काम करू लागली, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाचं काम होतं, ते पुढे २००५ मध्ये रिप्लींच्या नावाने निघालं. या कामासाठी तिला जुनी कातडी एकेक करून तपासायची होती. माइनर्ट्झहेगनच्या नमुन्यांबद्दल कुजबुज आधीपासून होतीच. १९१९ मध्ये म्युझियमने त्याला पक्ष्यांच्या खोलीत यायला दीड वर्ष बंदी केली होती, न विचारता नमुने बाहेर नेले म्हणून. पण इतका मोठा माणूस, युद्धवीर, शिवाय देणगीदार. कोण बोलणार?

रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या १९१४च्या रानपिंगळ्याकडे नीट पाहिलं. कातडं भरण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते, शिंप्याची शिलाई ओळखू यावी तशी. पंखाची हाडं कुठे तोडायची, कापूस कसा भरायचा, टाके कुठून घ्यायचे. डेव्हिडसनची पद्धत त्याच्या इतर नमुन्यांवरून कळत होती. माइनर्ट्झहेगनचा पक्षी वरवर पुन्हा भरलेला होता, आकार बदलला होता, पण आतमध्ये डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा उरल्या होत्या. तो मांडवीचा पक्षी नव्हताच. डेव्हिडसनने खानदेशात मारलेल्या पाचांपैकी एक होता. म्युझियममधून चोरला, उसवला, पुन्हा शिवला, जुनी चिठ्ठी काढून टाकली आणि नवी बांधली. १९९९ मध्ये हे सगळं ‘आयबिस’ या नियतकालिकात छापून आलं. हा एकच नाही, त्याच्या संग्रहातले असे कितीतरी निघाले.

यातली चोरी मला तितकी लागत नाही. साहेबाने साहेबाच्या खणातून उचललं, त्यांचं ते बघतील. लागते ती चिठ्ठी. पक्षी खरा, पिसं खरी, मेला तोही खराच. खोटी फक्त एक ओळ, जागा आणि तारीख. तेवढ्याने जाणते लोक चुकीच्या जंगलात पाठवले गेले. उलट १८८०च्या आसपास कुणा अधिकाऱ्याने फिरतीवर, कंदिलाच्या उजेडात, आमच्या गावाचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं ती ओळ शंभर वर्षांनीही कामाची राहिली. कशी, ते पुढे.

मांडवीचा पक्षी खोटा आहे, हे छापून येण्याआधीच रासमुसेनला कळलं होतं. तिने नकाशावरून मांडवी खोडली. १९९७च्या नोव्हेंबरात ती, न्यूयॉर्कचे अनुभवी पक्षिनिरीक्षक बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. हातात फक्त खऱ्या चिठ्ठ्या. आधी पूर्वेकडची ठिकाणं पाहिली, ब्लेविट आणि बॉलची. जंगलं बरीच गेलेली, पक्षी नाही. मग ते पश्चिमेला आले, डेव्हिडसनच्या गावांकडे. शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी.

२५ नोव्हेंबर १९९७. सकाळी साडेआठच्या सुमारास, म्हणजे घुबडं झोपलेली असतात असं आपण समजतो त्या वेळी, किंगना उघड्या फांदीवर ऊन खात बसलेलं एक छोटं घुबड दिसलं. डोक्यावर ठिपके नाहीत. छातीवर दाट पट्टे. पोट मधे पांढरं. पायांवर पांढरी पिसं.

त्या क्षणी त्यांनी काय केलं? डेव्हिडसनने बंदूक उचलली असती. त्यांनी कॅमेरा उचलला. पक्षी उडेल, पुरावा राहणार नाही, ११३ वर्षांनी पुन्हा ‘आम्ही पाहिला’ एवढंच हातात उरेल, ही धाकधूक. पण तो बसून राहिला. व्हिडिओ झाला, फोटो झाले. पक्षी जिवंत राहिला आणि पुरावाही झाला. मारेच्या त्या बिनगोळीच्या बंदुकीचं काम शहाद्याजवळ असं पूर्ण झालं, असं म्हटलं तर मला कुणी अडवू नये.

एक बारीकशी गोष्ट, आमच्या अभिमानाची. त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला, म्हणजे सात महिन्यांनी. तेव्हा रानपिंगळा सापडला तो साक्रीच्याच जिल्ह्यात. नंदुरबारचे मित्र हे ऐकून घेत नाहीत. साक्रीहून नंदुरबार, पुढे प्रकाशाला तापी ओलांडली की शहादा, दोनेक तासांचा रस्ता. हा सगळा उलगडा होईपर्यंत मी त्या रस्त्याने कितीदा तरी लग्नांना, यात्रेला गेलो होतो. खिडकीबाहेर बघत, फोनवर गाणी ऐकत.

मग हा पक्षी इतकी वर्षं दिसला कसा नाही? एक उत्तर चिठ्ठीचं, ते सांगितलं. दुसरं सवयीचं. घुबड शोधायचं तर लोक रात्री निघतात. रानपिंगळा दिवसा फिरतो, उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर, टोळ टिपतो. त्याला विरळ, कोरडं, सागाचं जंगल लागतं. तिसरं उत्तर, तो घरच्या पिंगळ्यासारखा दिसतो आणि आपण ओळखीचं काही दिसलं की बघणं थांबवतो. माझ्या गॅलरीत पिंगळ्याचे दहाबारा फोटो होते. हे सगळं वाचल्यावर एका रात्री ते काढून प्रत्येकाचं डोकं झूम करून पाहिलं. सगळ्यांना ठिपके. वाईट वाटलं, पण थोडंच.

सापडल्यानंतर काय झालं ते सरळ नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तळोदा आणि तोरणमाळच्या बाजूला त्याचा अभ्यास केला. मेळघाटात आणि मध्य प्रदेशात तो सापडला. २०१४ मध्ये तर मुंबईजवळ, तानसाच्या जंगलात दिसला. अशी ठिकाणं वाढत गेली, तेव्हा २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याला अतिसंकटग्रस्तवरून एक पायरी खाली, संकटग्रस्त या वर्गात आणलं गेलं. बातमी म्हणून हे चांगलं आहे.

पण डेव्हिडसनच्या चिठ्ठीवरचं तळोदा घ्या. त्या जंगलाचा मोठा भाग आता शेत आहे. त्यातली काही जमीन नव्वदच्या दशकात सरदार सरोवरात ज्यांची गावं बुडणार होती त्या आदिवासी कुटुंबांना वसवण्यासाठी जंगलातून मोकळी केली गेली. म्हणजे नर्मदेकाठची माणसं उठवली, ती रानपिंगळ्याच्या रानात बसवली. यात त्या माणसांना बोल लावणारे काही पक्षिप्रेमी मी पाहिलेत, वातानुकूलित गाडीतून उतरून बोलणारे. धरणाची वीज आणि पाणी कुठे गेलं हे ते विचारत नाहीत. मला त्या शेतांत उभं राहून पक्ष्याची बाजू घेता येत नाही, माणसांची घेताना पक्षी विसरताही येत नाही. त्या मोहिमेतल्या तिघांना रानपिंगळा सापडला तोही कुठल्या अस्पर्श अरण्यात नाही. पायथ्याशी, माणसांच्या जवळच.

आणि आता कॅमेरे. पूर्वी पक्ष्याचा फोटो काढणं हे कष्टाचं काम होतं. इंग्लंडात कीर्टन बंधूंनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्याच्या पोटात बसून फोटो काढले होते. आपल्याकडे लोथर नावाचा माणूस जड काचेच्या प्लेटांचा कॅमेरा घेऊन तासन्‌तास लपणात बसायचा, त्याचं ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक १९४९चं. आज लपण भाड्याने मिळतं. उन्हाळ्यात पाण्याचं कुंड करायचं, समोर जाळीचा तंबू ठोकायचा, तहानलेला पक्षी येतोच. काही ठिकाणी हे जबाबदारीने चालतं, गावातल्या पोरांना त्यातून रोजगार मिळतो, ते मी नाकारत नाही. पण मोबाइलवर पक्ष्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला फांदीवर बोलावणं, घरट्यासमोरच्या फांद्या तोडणं, हेही चालतं. नर पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला. तो भांडायला येतो, आणि आपल्याला ‘फुल फ्रेम’ मिळते.

इथे चिठ्ठीचा प्रश्न उलटा होऊन माझ्यापुढे येतो. डेव्हिडसनने जागा लिहिली म्हणून पक्षी सापडला. आज मी दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा लिहून टाकली तर आठवड्यात तिथे दहा गाड्या येतील. घुबड म्हटल्यावर गिऱ्हाइकं आणखीही आहेत, अमावास्येच्या पूजेसाठी घुबड विकत घेणारे. न लिहावं, तर पन्नास वर्षांनी कुणाला कळणार नाही, की इथे काय होतं. खोटं लिहावं, तर माझ्यात आणि त्या कर्नलमध्ये फरक तो काय? माझ्या एका मित्राने यावर स्वतःपुरता मार्ग काढलाय. दुर्मीळ पक्षी, घरटं, घुबड असेल तर फोनचं लोकेशन बंद, जगाला फक्त तालुका सांगायचा आणि नेमकी जागा वहीत लिहायची. शाईने, तारखेसह. वही घरी. मला ते पटलं. वही रद्दीत जाणार नाही एवढं बघावं लागेल. ह्यूमचं काय झालं ते माहीत आहे.

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा कान नदीवर गेलो. डोह आणखी लहान झाला होता. एका कडेला प्लास्टिक, दुसऱ्या कडेला म्हशी. म्हशींच्या पायांशी ढोकरी उभी, पाठ तशीच तांबूस-जांभळी. या पक्ष्याला दडवण्याची काही गरज नाही, तो कुठल्याही गटारावर भेटतो. म्हणूनच त्याची नोंद कुणी ठेवत नाही. पिंगळ्याचीही कुणी ठेवत नव्हतं.

मी लांबूनच चार फोटो काढले. फार चांगले आले नाहीत, ऊन तोंडावर होतं. शेळ्यांचे बाबा दिसले नाहीत. पण मी बाभळीच्या सावलीत बसून फोटोखाली टाइप केलं: ढोकरी, एक, वीण-काळातला रंग. कान नदी, साक्री, जिल्हा धुळे. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. पाणी गुडघ्याच्या खाली.